निवृत्त वायुसैनिकांचं संचलन आणि वसतिगृहातली शिक्षा: नाशिकचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमध्ये निवृत्त वायुसैनिक शोधावे लागत नाहीत. ओझरला हवाई दलाचा विमानदुरुस्ती डेपो आहे, त्याला लागून एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) विमान कारखाना, आणि देवळालीलाही दलाचं ठाणं. कुणी शेवटची बदली इकडे मिळवून इंदिरानगर-पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट घेतला, कुणी मूळचा निफाड-दिंडोरीचा आणि पेन्शन सुरू झाल्यावर गावी न जाता शहराच्या कडेला राहिला. अशा चौदा जणांचा हा गट. महिन्यातून एकदा मिसळीला जमायचं, एकमेकांच्या पेन्शनच्या अर्जांना आणि दवाखान्याच्या कागदांना हात लावायचा, एवढाच त्यांचा कार्यक्रम. सर्वांत मोठे ७८ वर्षांचे, सर्वांत धाकटा ४१ चा.

गटाच्या टिपणांचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे हे प्रकरण जवळून पाहता आलं. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. चौघांचा उल्लेख वारंवार येईल. वॉरंटसाहेब: वय ७८, ट्रेड ग्राउंड ट्रेनिंग इन्स्ट्रक्टर, म्हणजे रंगरुटांना कवायत शिकवणं हीच नोकरी. नाना: सत्त्याहत्तरचे, मिग-२१ च्या इंजिनांवर आयुष्य काढलेले. सार्जंटभाऊ: साठीतले, बोलके, कुठल्याही बैठकीत किस्से त्यांचेच. आणि धाकटा, २००४ साली भरती होऊन वीस वर्षांनी बाहेर पडलेला.

हे चौघे तीन वेगवेगळ्या ठिकाणी आणि चाळीस वर्षांच्या अंतराने घडले. प्रशिक्षणाने नाना बंगळुरूच्या जालहळ्ळीचे, सार्जंटभाऊ चेन्नईजवळच्या तांबरमचे, धाकटा बेळगावजवळच्या सांबऱ्याचा. तरीही गप्पांत आठवणी अशा जुळायच्या की कोण कधीचं बोलतोय ते कळू नये. बिलेटच्या, म्हणजे राहायच्या बराकीच्या, फरशीवर गुडघे टेकून केलेली पॉलिश, बुटाच्या टोकात चेहरा दिसेपर्यंत कापसाने घासणं, घडी केलेल्या कांबळ्याची कड पट्टीने मोजणारा कॉर्पोरल. मेसला जायचं तर तीन ओळींत, वर्गाला जायचं तर तीन ओळींत, वह्या डाव्या काखेत, उजवा हात खांद्याइतका वर. "लंबा दाहिने, छोटा बाएँ" म्हणत उंचीप्रमाणे लावलेली रांग, आणि त्या रांगेत मिळालेला शेजारी पुढे आयुष्यभराचा मित्र.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये शहरातल्या एका निवासी शाळेने गटाला बोलावलं. ८ ऑक्टोबर हा वायुसेना दिन. १९३२ साली याच तारखेला दलाची स्थापना झाली. शाळेला दोन गोष्टी हव्या होत्या: मैदानावर ज्येष्ठांचं छोटं संचलन आणि मुलांसमोर प्रशिक्षणाच्या आठवणी.

अडचण

अडचणी तीन होत्या. पहिल्या दोन आमच्या लक्षात आधीच आल्या होत्या, तिसरी कुणाच्याच ध्यानीमनी नव्हती.

पहिली शरीराची. तेज चाल मिनिटाला १२० पावलांची, एक पाऊल ३० इंचांचं. म्हणजे मिनिटाला नव्वद मीटरच्या वर. विशीत हे अंगात बसलेलं असतं. सत्तरीत ज्याच्या एका गुडघ्याची वाटी बदलली आहे त्याने टाच आपटून "थम" घेणं म्हणजे डॉक्टरला आमंत्रण. चौदांपैकी दोघांचे गुडघे बदललेले, चौघांना मधुमेह, रक्तदाबाची गोळी जवळजवळ सगळ्यांना.

दुसरी सलामीची. बाहेरच्या माणसाला हा वाद हास्यास्पद वाटेल. मार्च २००६ मध्ये हवाई दलाने सलामीची पद्धत बदलली. आधी लष्करासारखा तळवा समोर दिसायचा; आता तो जमिनीशी ४५ अंशांत असतो. गटातले बहुतेक जण २००६ च्या आधी निवृत्त झालेले. एकाने पहिल्याच बैठकीत बजावलं, "ज्या सलामीवर पगार घेतला तीच देणार." धाकट्याचं म्हणणं, मुलं टीव्हीवर आजची सलामी पाहतात, त्यांच्यासमोर दोन तऱ्हा नकोत.

तिसरी अडचण या सगळ्यापेक्षा मोठी ठरली. मुख्य कार्यक्रमाआधी तोंडओळख म्हणून सार्जंटभाऊ आणि आणखी एक सदस्य शनिवारी शाळेत जाऊन नववीच्या वर्गाशी बोलून आले. सार्जंटभाऊंनी नेहमीचे किस्से सांगितले. पावसात चिखलातून मारलेले फ्रंट रोल (कोलांट्या), डोक्यावर पॅक धरून मैदानाला फेऱ्या, इन्स्ट्रक्टरच्या शिव्यांची नक्कल. वर्ग हसून लोटपोट झाला. वर्गशिक्षक त्या वेळी खोलीत नव्हते.

पुढच्याच आठवड्यात वसतिगृहात नववीच्या तिघांनी सातवीतल्या एका मुलाला, मेसला उशिरा आला म्हणून, रात्री व्हरांड्याच्या फरशीवर फ्रंट रोल मारायला लावले. मुलाचं मनगट मुरगळलं. हाड मोडलं नाही, हे नशीब. अधीक्षकांनी विचारलं तेव्हा मोठ्या मुलांचं उत्तर तयार होतं: एअरफोर्समध्ये असंच असतं, आजोबांनी सांगितलंय.

मुख्याध्यापिकांनी गटाला फोन करून स्पष्ट सांगितलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, मुलाचे पालक येऊन गेलेत, आणि आठवणींचा कार्यक्रम आता आहे तसा होणार नाही.

समोरचे पर्याय

बैठक नानांच्या घरी, इंदिरानगरला झाली. चहा थंड झाला तरी कुणी उचलला नाही, एवढी ती तापली.

एक मत होतं, सगळंच रद्द करा. शाळेची इच्छा नाही, आपली वयं नाहीत. दुसरं मत, संचलन ठेवा, आठवणी काढून टाका. हे सोयीचं होतं, म्हणून बऱ्याच माना डोलल्या. तिसरं, आठवणी ठेवा पण धुऊन-पुसून: शिस्त, वेळ, स्वच्छता, देशसेवा. सार्जंटभाऊंना हे अजिबात मान्य नव्हतं. ते दुखावलेही होते. "आम्हाला हाणलं, आम्ही बिघडलो का? पोरांनी गाढवपणा केला तर त्याचा जाब मी द्यायचा?"

इथे प्रकरणाला वळण मिळालं ते वॉरंटसाहेबांमुळे. एरवी ते फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "सार्जंट, तुम्ही शिक्षेची गोष्ट सांगता. मी वीस वर्षं ती देणाऱ्या बाजूला होतो. शिक्षेने कुणाची चाल सुधारलेली मी पाहिली नाही." मग त्यांनी कवायत कशी शिकवतात ते सांगितलं. आधी तोंडी समजावणं, मग स्वतः करून दाखवणं, मग हालचालीचे तुकडे पाडून "गिनती से", एकावर इथपर्यंत, दोनवर इथपर्यंत, आणि शेवटी सलग. ज्याला जमत नाही त्याला बाजूला घेऊन पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या मते फ्रंट रोल हा बहुतेक वेळा इन्स्ट्रक्टरचा कंटाळा असायचा, क्वचित जरब, आणि काही जणांच्या बाबतीत निव्वळ मजा. तिसऱ्या प्रकारचे लोक त्यांना माहीत होते. नावं त्यांनी घेतली नाहीत, आम्ही विचारलीही नाहीत.

त्यानंतर दिंडोरीकडचा एक सदस्य बोलला. गटात तो हसतो, स्वतः किस्सा सांगत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत मार्च करताना त्याचा उजवा पाय आणि उजवा हात एकदमच पुढे जायचा. असा एक तरी जण प्रत्येक स्क्वॉडमध्ये असतो, आणि इतरांसाठी ती करमणूक असते. इन्स्ट्रक्टर त्याला पुढे काढून एकट्याला चालवायचा आणि बाकीच्यांना हसायला लावायचा. जितकं हसू, तितका हात पायाला चिकटलेला. त्याने ट्रंक भरून ठेवली होती, रात्री निघून जायचं म्हणून. बिलेटमधल्या केरळच्या एका मुलाच्या ते लक्षात आलं. त्याने दोन काठ्या आणल्या. दोघांनी पुढे-मागे उभं राहून प्रत्येक हातात एकेका काठीचं टोक धरायचं आणि चालायचं. पुढच्याचे हात बरोबर हलले की काठीमुळे मागच्याचेही तसेच हलतात. चार रात्रींत जमलं.

एवढ्या वर्षांच्या मिसळीत हे कुणी ऐकलं नव्हतं. कारण साधं आहे. गटात बसल्यावर जो किस्सा हशा आणतो तोच पुन्हा सांगितला जातो, घासून घासून गुळगुळीत होतो, आणि शेवटी सगळ्यांचं प्रशिक्षण एकच होऊन बसतं. ज्याच्या वाट्याला हसण्यासारखं आलं नाही, तो ऐकत राहतो.

काय ठरलं

आठवणी ठेवायच्या, शिक्षेचा विषयही टाळायचा नाही. मात्र सांगणाऱ्याने त्या वेळी स्वतःला काय वाटलं ते सांगायचं, आणि ती गोष्ट पुढे कुठे गेली तेही. माईकवरून सगळ्या शाळेला काही सांगायचं नाही. एका वर्गात दोघांनी बसायचं, शिक्षक खोलीत हवेतच. दिंडोरीकरांची काठ्यांची गोष्ट सांगण्याऐवजी करून दाखवायची. मुख्याध्यापिकांना हे पटलं. त्यांनी एकच अट घातली, की कोण काय सांगणार ते आधी त्यांच्या कानावर घालावं. सार्जंटभाऊंना ही सेन्सॉरशिप वाटली. माझ्या मते अट रास्त होती. मुलं त्यांच्या ताब्यात आहेत, आमच्या नाही.

मनगट दुखावलेल्या मुलाला भेटायला, तोंडओळखीला गेलेल्या दोघांपैकी एक सदस्य गेला. सार्जंटभाऊ गेले नाहीत. त्यांच्यावर कुणी जोर केला नाही.

संचलनाचं गणित वॉरंटसाहेबांनी सोडवलं. कुणीतरी सुचवलं होतं, तेज चाल जमत नसेल तर धीमी चाल घेऊ, मिनिटाला ७० पावलं, म्हाताऱ्यांना बरी. ऐकायला पटतं, पण ते उलटं आहे. धीम्या चालीत प्रत्येक पावलाला अंगाचा सगळा भार एका पायावर तोलून धरावा लागतो, आणि उतारवयात तोलच आधी जातो. म्हणून तेज चालच, पण पाऊल आखूड आणि वेग मिनिटाला साधारण शंभर. टाच आपटायची नाही. "पीछे मुड" अजिबात नाही, कारण एका टाचेवर गर्रकन फिरताना माणूस पडतो. दिशा बदलायची ती फक्त "बाएँ घूम"ने, चालता चालता, मोठ्या वळणावर. खिळ्यांचे जुने बूट बंद, रबरी तळाचे काळे बूट सगळ्यांना. एकाने हौसेने जपून ठेवलेले ड्रिल बूट आणलेच, आणि शाळेच्या गुळगुळीत फरशीवर घसरता घसरता वाचला. त्यानंतर चर्चा संपली.

पोशाखाबाबत धाकटा ठाम होता. निवृत्तांनी गणवेशासारखं दिसणारं काही घालायचं नाही, त्यावरून कायद्याचा प्रश्न येऊ शकतो. पांढरा शर्ट, करडी पँट, बिल्ला नसलेली गडद निळी टोपी, आणि डाव्या छातीवर स्वतःची पदकं.

सलामीचा तिढा अर्धा आपोआप सुटला. संचलनात "दाहिने देख" झाल्यावर हात फक्त तुकडीचा म्होरक्या उचलतो, बाकीचे मान वळवतात. म्हणजे वाद एका हातापुरता उरला, आणि तो हात वॉरंटसाहेबांचा. हुद्द्याने त्यांच्या बरोबरीचे दोघे होते, पण मैदानावर आवाज त्यांचाच चालणार यावर दुमत नव्हतं. त्यांनी नवी सलामी स्वीकारली. "दिवस दलाचा आहे, तर दलाची आजचीच." धाकट्याने त्यांना ती शिकवली, गिनती से. पन्नास वर्षांची सवय असलेला तळवा पुन्हा पुन्हा समोर वळायचा आणि वॉरंटसाहेब स्वतःवरच डाफरायचे. जुन्या सलामीचा आग्रह धरणारे ते एक सदस्य मात्र संचलनातून बाहेर पडले. प्रकृतीमुळे आणखी दोघे गळाले. राहिले अकरा.

सराव सकाळी गोल्फ क्लबवर. फलकावर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असलं तरी नाशिककरांच्या तोंडी ते गोल्फ क्लबच. सप्टेंबरअखेरच्या पावसाने मैदान बसलं होतं, त्यामुळे बराच सराव कडेच्या जॉगिंग ट्रॅकवर, चालायला येणाऱ्यांना वाट देत देत झाला. धाकट्याच्या मोबाइलवर ताल लावलेला असायचा. २६ सप्टेंबरला चंदीगडमध्ये मिग-२१ ला अखेरचा निरोप दिला गेला. ओझरच्या कारखान्यात तयार झालेलं विमान ते, आणि नानांचं सारं आयुष्य त्याच्या इंजिनात. नंतरच्या सरावाला नाना आले खरे, पण चाल चुकत राहिले. वॉरंटसाहेबांनी त्यांना काही म्हटलं नाही, आणि सराव लवकर आटोपला.

कार्यक्रमाचा दिवस

सकाळी नऊची वेळ. प्रमुख पाहुणे आले नाहीत. शाळेच्या बाजूने निरोप, तुकडी तयार ठेवा, ते पाच मिनिटांत पोहोचतायत. ऑक्टोबरचं ऊन, अकरा जण सावधानमध्ये.

इथला निर्णय मला सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निश्चल उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि मेंदूकडे कमी पोहोचतं. परेडमध्ये धट्टेकट्टे रंगरूट कोसळतात ते यामुळेच. जुने लोक त्यावर बुटाच्या आत बोटं हलवायची युक्ती सांगतात. पण रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला बोटं हलवून किती वेळ तगता येणार? वॉरंटसाहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली, "विश्राम" दिला, आणि नंतर कुणालाही न विचारता "लाइन तोड" म्हणून सगळ्यांना मंडपाच्या सावलीत खुर्च्यांवर बसवलं. पाणी दिलं, मधुमेहींना बिस्किटं. संयोजक शिक्षक वैतागले, कारण पाहुण्यांच्या गाडीतून उतरतानाचा फोटो तुकडीसह हवा होता. वॉरंटसाहेबांचं उत्तर नम्र होतं: "सर, पाहुणे आल्यावर दोन मिनिटांत रांग लागेल. पडलेला माणूस मात्र दोन मिनिटांत उठत नाही."

पाहुणे पाऊण तासाने आले. रांग खरंच दोन मिनिटांत लागली.

संचलन ठीक झालं. शाळेच्या बँडच्या मुलांना शंभरची लय सांभाळणं जड जात होतं, ढोल पुढे पळायचा. ध्वजस्तंभाच्या वळणावर मागच्या ओळीचं पाऊल चुकलं आणि दोन जणांनी "कदम बदल" घेऊन ते पुन्हा पकडलं. नवी सलामी अगदी नेमकी बसली.

नंतर वर्ग. सार्जंटभाऊ आले होते. त्यांनी तोच चिखलातल्या फ्रंट रोलचा किस्सा सांगितला, तसाच रंगवून. फक्त शेवटी जोडलं, की त्या रात्री अंग ठणकत असताना त्यांनी वडिलांना पत्रात लिहिलं, इथे सगळं छान आहे. एका मुलीने विचारलं, "खोटं का लिहिलं?" त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "खरं लिहिलं असतं तर ते मला घ्यायला आले असते."

काठ्यांचा प्रयोग आठवीच्या वर्गात सुरू झाला आणि मैदानावर संपला. शारीरिक शिक्षणाच्या खोलीतल्या काठ्या आणल्या, जोड्या लावल्या, दिंडोरीकर मधोमध. ज्यांना जमत नव्हतं त्यांच्या पुढे ज्यांना जमत होतं ते उभे राहिले.

परिणाम

वसतिगृहात तसा प्रकार पुन्हा घडल्याचं निदान डिसेंबरपर्यंत तरी कानावर आलं नाही. याचं श्रेय गटाला देणं चुकीचं होईल. शाळेने त्याच सुमारास अधीक्षक बदलले आणि रात्रीची फेरी सुरू केली, त्याचा वाटा बहुधा जास्त. शाळेने मात्र गटाला एक प्रत्यक्ष काम दिलं: शनिवारी सकाळी नववीच्या इच्छुकांना प्राथमिक कवायत. धाकटा आणि दिंडोरीकर जातात. ज्या तिघांनी सातवीच्या मुलाला शिक्षा दिली होती, त्यांतले दोघे या वर्गाला येतात. त्यांना लहान मुलांचा सराव घ्यायचं काम दिलं आहे, शिक्षकांच्या नजरेखाली. हा जुगार आहे, अजून अंगाशी आलेला नाही.

गटाचं नुकसानही झालं. सलामीवरून बाहेर पडलेले ते सदस्य मिसळीलाही येईनासे झाले. नाना दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. चहा मिळाला, विषय निघाला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

तोंडओळखीच्या तासाला शिक्षक खोलीत हवेच होते. किस्सा ऐकून मुलांच्या डोळ्यांत काय चमकतं ते रोज त्यांच्यासमोर असणाऱ्याला दिसतं, पाहुण्याला नाही. शाळा निवासी आहे आणि तिथे मोठ्या-लहान मुलांचं नातं आधीच नाजूक आहे, हे गटाने विचारलं असतं तर शाळेने सांगितलं असतं. सांबऱ्यात किंवा जालहळ्ळीत शिक्षा देणारा प्रशिक्षित असायचा, वैद्यकीय कक्ष हाकेच्या अंतरावर असायचा, भोगणारा स्वतःहून भरती झालेला असायचा. तरीही तिथे अन्याय झाले. वसतिगृहाच्या व्हरांड्यात यांतलं एकही नव्हतं. किस्सा सांगताना हा भाग गळून जातो, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही.

सलामीबाबत बैठकीत मतं मोजण्याऐवजी आधी संचलनाची रचना मांडायला हवी होती. हात एकालाच उचलायचा आहे हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर कदाचित एक माणूस टिकला असता. कदाचित नसताही, काही जणांना मुद्दा सोडवण्यापेक्षा मांडायचा असतो.

पाहुण्यांच्या उशिराबद्दल शाळेला आता लेखी कळवलं आहे. तुकडी वेळेवर चालेल, पाहुणे त्यांच्या वेळेवर येतील. सावधानमध्ये पाचपेक्षा जास्त मिनिटं कुणी उभं राहणार नाही. शाळेने अजून उत्तर दिलेलं नाही.

पुढच्या ८ ऑक्टोबरला म्होरक्या कोण, हा प्रश्न डिसेंबरच्या मिसळीत निघाला. धाकट्याने तयारी दाखवली, पण एका अटीवर: पंचाहत्तरीपुढचे सगळे पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर बसतील. नाना लगेच हो म्हणाले. वॉरंटसाहेबांनी पाव मोडला, तर्रीत बुडवला आणि अट किती वर्षांची ते पुन्हा विचारलं. पंचाहत्तर, धाकटा म्हणाला. "ऐंशी कर," वॉरंटसाहेब म्हणाले, आणि त्यावर अजून तडजोड झालेली नाही.